तिसरा उद्गार

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, आमची उपासना भर दुपारी असते, बारा ते तीन. येशू वधस्तंभावरून जे सात उद्गार बोलला, त्यांतल्या एकेकावर मंडळीतला एकेक जण बोलतो. नावं दोन-तीन आठवडे आधी चर्चच्या दाराजवळच्या फळ्यावर लागतात आणि मग त्यावर यथेच्छ चर्चा होते. पहिला उद्गार मिळालेला माणूस खूश असतो, कारण तोवर लोक जागे असतात. सातवा मिळालेला आधीपासूनच कावलेला असतो, कारण पहिल्या दोघांनी वेळ खाल्ला की त्याच्या वाट्याला आशीर्वादाआधीची चार-पाच मिनिटं उरतात. चौथा आमच्या चर्चचे पाळकसाहेब स्वतःकडे ठेवतात. देवानं आपल्याला का सोडलं, असं येशू त्यात विचारतो, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची त्यांची तयारी नसते. तिसरा मात्र नेहमी बाईमाणसाला देतात.

तिसऱ्यात येशू आपल्या आईकडे बघतो. तिच्याशेजारी त्याचा लाडका शिष्य उभा असतो. तो आईला सांगतो, हा तुझा मुलगा. शिष्याला सांगतो, ही तुझी आई. आणि तेव्हापासून शिष्य तिला आपल्या घरी घेऊन जातो. एवढंच. यावर दरवर्षी कुणी ना कुणी बाई उभी राहून सांगते, की मरणाच्या दारातही येशूनं आईची सोय लावली, तेव्हा मुलांनो, आईबापांकडे लक्ष द्या. पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावतात आणि मागच्या बाकांवरची मुलं मोबाइल बघतात.

हा उद्गार महिला मंडळात पाळीपाळीनं फिरतो. त्या वर्षी पाळी माझी होती.

कुणाच्या लक्षात आलं नाही, असं नाही. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. माझा एकुलता एक मुलगा काय अवस्थेत आहे हे मंडळीतल्या पोराबाळांनासुद्धा माहीत होतं. पण आमच्याकडे पाळी असताना फळ्यावर नाव लागलं नाही, की लोक समजतात हिच्यावर मंडळीनं कारवाई केली. काय केलं असेल हिनं, याच्या कहाण्या सुरू होतात. तेव्हा माझा मान राखायचा म्हणून सगळे गप्प बसले, आणि मान राखता राखता तो उद्गार माझ्या गळ्यात घातला. फळा वाचून मी पायऱ्या उतरले तेव्हा तिथं उभ्या असलेल्या बायकांनी मला सलाम केला आणि लगेच उन्हाबद्दल बोलायला लागल्या.

माझा मुलगा शिरोलीच्या एका फाउंड्रीत डिझाइनचं काम करायचा. विशीत असताना त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. माझ्या नवऱ्यानं, म्हणजे त्याच्या वडिलांनी, आपली एक दिली. नवरा बिद्रीकडच्या साखर कारखान्यात फिटर होता, अंगानं दणकट, आणि त्याची किडनी मुलाला अशी लागू पडली की डॉक्टरच खूश. घरी आल्यावर आम्ही उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली. अंगणात मांडव घातला, सगळी मंडळी जेवली. मी उभी राहून साक्ष दिली, की देव प्रार्थना ऐकतो. काही वर्षं ती किडनी चांगली चालली. मुलगा कामावर जायला लागला, मोटारसायकल चालवायला लागला, मुली बघायला हरकत नाही असंही आम्ही बोलायला लागलो. मग हळूहळू तीही बंद पडली. नवरा तेव्हापासून फार बोलेनासा झाला. एकदाच म्हणाला, "माझाच माल खराब निघाला."

माझी किडनी घेता येणार नव्हती. मला कित्येक वर्षं मधुमेह. डॉक्टरांनी माझं पुढचं काही ऐकूनसुद्धा घेतलं नाही. साखर कारखान्यातल्या माणसाशी लग्न केल्यावर आणखी काय होणार, असं मुलगा म्हणायचा. दुसऱ्या कुणाची किडनी मिळावी म्हणून पुण्यात नाव नोंदवून ठेवलं होतं, तिथून कधी फोन आला नाही. आठवड्यातून तीन दिवस, मंगळवार, गुरुवार, शनिवार, त्याला डायलिसिसला जावं लागायचं. सकाळी जायचा आणि दुपारी पिळून काढलेल्या फडक्यासारखा परत यायचा.

लोकांना वाटतं सुयांचा त्रास असतो. सुयांची सवय होते. त्रास तहानेचा. लघवीच होत नाही, त्यामुळं प्यायलेलं पाणी अंगात साठतं, पायावर येतं, छातीत भरतं, म्हणून दिवसाचं पाणी मोजून. एक छोटी बाटली भरून ठेवायची आणि त्यातच चहा, ताक, गोळ्यांचे घोट सगळं बसवायचं. एप्रिलातल्या कोल्हापूरच्या उन्हात तो बर्फाचा खडा तोंडात धरून पंख्याखाली पडून असायचा. फळ्यावर माझं नाव लागल्याचं त्याला सांगितलं, तर खो खो हसला. म्हणाला, "तुला तिसरा दिला व्हय? मग मला पाचवा द्या म्हणावं. एका वाक्यात संपवतो." पाचव्या उद्गारात येशू तहान लागल्याचं सांगतो.

त्याच्या शेजारच्या मशीनवर मलकापूरचा एक मुलगा असायचा, त्याच्याच वयाचा. शेती आणि म्हशी असलेलं घर. आई लहानपणीच गेलेली, भावजय पोरं, गुरं, दूध सगळं ओढायची. हा पहाटेच्या एसटीनं यायचा आणि डायलिसिस झालं की स्टँडवर बसून राहायचा. उपाशी. कारण या आजारात बाहेरचं काही खाता येत नाही. मीठ चालत नाही, डाळ बेतानं, टोमॅटो नाही, नारळ नाही. भाजीसुद्धा चिरून पाण्यात भिजवायची, ते पाणी ओतायचं, मग उकडायची आणि तेही पाणी ओतायचं. उरतो तो चोथा. तो फोडणीला टाकून वर लिंबू पिळायचं आणि भाजी म्हणायचं. मी घरात हेच करत होते. एका दुपारी मुलगा त्याला घेऊनच आला. म्हणाला, हा आपल्यातलाच हाय, ह्याला वाढ.

त्या पोरानं दोन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाला, "काकू, भाजी लई झ्याक झाल्या."

मी म्हटलं, खोटं बोलू नको. तर खाली मान घालून म्हणाला, "खोटं न्हाय की. माझ्यासाठी येगळी भाजी अजून कुणी केली न्हवती."

त्यानंतर तो डायलिसिसच्या प्रत्येक दिवशी यायला लागला. जेवायचा, दोघं आडवे व्हायचे, उन्हं उतरली की तो मलकापूरची गाडी धरायचा. मला त्याचं येणं आवडायचं. मुलगा त्याच्याशी बोलताना हसायचा, एवढं मला पुरे होतं.

त्याच सुमारास मुलाच्या हाताची नस बंद पडली. रक्त मशीनकडे न्यायला हातात एक जाड नस तयार करतात, ती. दुसऱ्या हाताची केली, तीही चालली नाही. मग मानेत नळी घातली. तिच्यातून दोनदा जंतू शिरले आणि थंडी वाजून ताप आला. डॉक्टर म्हणाले, ही काढावी लागेल, आता जांघेतून घालू. तीही किती दिवस चालेल सांगता येत नाही, हृदयही दमलंय. डॉक्टर चांगला माणूस होता, खोटं बोलला नाही. बोलला असता तर बरं, असं मला तेव्हा वाटलं.

घरी येऊन मुलानं शांतपणे सांगितलं, की ईस्टर झाला की ही नळी काढतील, आणि पायात दुसरी घालून घ्यायची नाही. नळी नाही म्हणजे डायलिसिस नाही. डायलिसिस नाही म्हणजे किती दिवस, ते आम्हा तिघांना माहीत होतं. नवरा उठून अंगणात गेला. मी भांडले. देवानं दिलेला जीव असा टाकता येत नाही, म्हटलं. तो म्हणाला, टाकत नाही, ओढायचं थांबवतोय. मी रडले, जेवले नाही, दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, तिसऱ्या उद्गारावर काय बोलणार आहेस.

मी म्हटलं, तू येऊन ऐक म्हणजे कळेल.

"येतो की," तो म्हणाला. "चांगलं बोल. पटलं तर घालून घेतो पायात नळी."

तो थट्टेत बोलला असेल. पण दिलेला शब्द त्यानं लहानपणापासून कधी मोडला नव्हता, आणि मी ते धरून बसले. एक भाषण असं करायचं, की ऐकून एक माणूस जगायला तयार होईल. बाकीच्या मंडळीनं झोपा काढल्या तरी चालतील.

शाळेत तीस वर्षं शिकवलं, बोलायची मला भीती नव्हती. पण काय बोलायचं ते सापडेना. मी प्रार्थना करत होते. प्रार्थना म्हणजे काय, सरळ भांडण होतं. नवऱ्याची किडनी घेतलीस, मुलाच्या नसा घेतल्यास, आता मला काही सुचू तरी दे. काही सुचलं नाही. शेवटी पाळकसाहेबांकडे गेले आणि विचारलं, येशूनं असं सांगितल्यावर त्याची आई, मरीया, काय म्हणाली. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "बाई, ती काहीच म्हणत नाही. वधस्तंभापाशी तिच्या तोंडी एकही शब्द नाही." मग म्हणाले, फळ्यावरून नाव काढायचं असेल तर मी बघतो, लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. मी नको म्हटलं.

घरी येताना मला मरीयेचा राग आला. पोरगं डोळ्यासमोर टांगलेलं आणि तू गप्प कशी उभी राहिलीस?

उत्तम शुक्रवारी सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत, उपाशी. पंखे फिरत होते, पण पत्रे तापलेले. पहिल्या उद्गारावरच्या गृहस्थांनी आपल्या आजोबांचा बाप्तिस्मा कसा झाला इथपासून सुरुवात केली. मी एकसारखी मागं वळून बघत होते. दुसऱ्या उद्गाराच्या मध्यावर मुलगा आला. गळ्याशी रुमाल बांधला होता, नळी दिसू नये म्हणून. एका हातानं वडिलांना धरलेलं. आणि सोबत तो मलकापूरचा. तो कधी चर्चमध्ये आला नव्हता. देवळासारखंच असेल म्हणून त्यानं चपला बाहेर काढल्या होत्या. नंतर बघितलं, पायरीवर तेवढा एकच जोड होता. मला वाटलं, मुलाला आधाराला कुणीतरी हवं म्हणून आला असेल. ते तिघं खिडकीजवळच्या बाकावर बसले, मी बोलायला उभी राहणार त्या जागेच्या अगदी समोर.

माझी वेळ आली. मी उभी राहिले आणि शास्त्रातला भाग वाचायला लागले. येशू आईला सांगतो, हा तुझा मुलगा, या जागी मी मान वर केली. माझ्या मुलानं त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो सरळ माझ्याकडे बघत होता. हसत नव्हता. आणि मग मला सगळं एकदम कळलं. तो त्याला आज का घेऊन आला ते, आणि पहिल्या दुपारी जेवायला का घेऊन आला तेही. इतके महिने तो माझ्या घरात माझ्याच ताटावर दुसरा मुलगा बसवत होता, आणि मी वाढत होते.

मला जे बोलायचं होतं ते सगळं गेलं. राग तेवढा राहिला. मी म्हटलं, "मरीया गप्प बसली. मी तिथं असते तर बसले नसते. मी म्हटलं असतं, मला हा नको, मला तो खाली काढून द्या. देवाचा मुलगा तिसऱ्या दिवशी देवाला परत मिळाला. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी लोक प्रार्थनेला येतात आणि चहा पिऊन जातात." आणखीही काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. आमेन न म्हणताच खाली बसले. यानंतर गीत म्हणायचं असतं. पेटीवाल्यानं हात ठेवलेच नाहीत. कुणीतरी खोकलं, आणि मग पाळकसाहेब चौथ्या उद्गारासाठी उठले. ते फार थोडं बोलले.

पाचव्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक जण होते. तहान म्हणजे काय, आत्म्याची तहान कोणती, असं बोलता बोलता त्यांचा घसा सुकला. समोरचा पेला उचलून ते गटागटा पाणी प्याले आणि रुमालानं तोंड पुसून म्हणाले, तर प्रियजनहो, ही तहान. माझा मुलगा मोठ्यानं हसला. सगळं चर्च मागं वळलं. त्याला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि शेजारचा मलकापूरचा त्याच्या पाठीवरून हात फिरवत घाबरून इकडंतिकडं बघत होता. मुलाला इतकं हसताना मी त्यानंतर बघितलं नाही.

घरी आल्यावर मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. पटलं का, विचारलं.

"बोललीस चांगलं," तो म्हणाला. "पण न्हाय."

मी खूप आरडाओरडा केला. मला बदली मूल नको, म्हटलं. तुझ्या जागी कुणाला बसवायचा तुला काय अधिकार? आणि बसवलास तोही असला, आज आहे उद्या नाही असा! एवढं बोलून गेले तेव्हा ते पोरगं दारात उभं होतं. ते बाहेर गेलं आणि चपला घालून स्टँडकडे निघालं. मुलगा रागावला नाही. म्हणाला, "बदली न्हाय गं आई. त्याला भाजी कोण उकडून देणार, एवढंच हाय."

ईस्टरची पहाटेची उपासना आमच्याविना झाली. त्या आठवड्यात नळी काढली. घरी आल्या आल्या त्यानं तांब्याभर पाणी मागितलं. माठातलं, गार. मी ओतून दिलं. इतकी वर्षं ज्या पाण्यापासून त्याला राखलं, तेच मी त्याला देत होते. तो घोट घोट करत सगळा तांब्या प्यायला आणि म्हणाला, आहा. दुसऱ्या दिवशी नवरा कोपऱ्यावरच्या गाड्यावरून उसाचा रस घेऊन आला, आलं-लिंबू घातलेला, मोठा ग्लास. तोही त्याला वर्षानुवर्षं मिळाला नव्हता. बापलेक पलंगावर बसून अर्धा अर्धा प्याले. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी होते.

डॉक्टरांनी दम लागू नये म्हणून औषधं दिली होती. दम लागलाच. तरी शेवटचे दोन दिवस तो बहुतेक झोपेतच होता. पाळकसाहेब येऊन बसायचे. त्यांनी मला देवाची इच्छा वगैरे काही ऐकवलं नाही, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. एका सकाळी नवरा त्याचं तोंड पुसत होता, आणि पुसता पुसता थांबला.

दफनाला तो मलकापूरचा आला होता. मूठभर माती टाकली आणि माझ्याकडे न बघता गेला. तिसऱ्या दिवशी लोक प्रार्थनेला आले आणि चहा प्याले. प्रभूला त्याची गरज होती, असं एक बाई म्हणाल्या. मी म्हटलं, मला नव्हती का? त्यानंतर लोक माझ्याशी जरा जपून बोलायला लागले. मी चर्चला जाणं सोडलं. रविवारी घंटा वाजली की नवरा एकटा जायचा. काय प्रार्थना करायचा मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. माझ्यातलं काहीतरी संपलं होतं. देव नाही असं मला वाटत नव्हतं. तसं वाटलं असतं तर निदान भांडण मिटलं असतं. तो आहे, तो बघतो, आणि तो असाच आहे, असं वाटत होतं. त्याहून वाईट काही असतं का?

आणि या सगळ्यात मी भाजी तशीच करत राहिले. बटाटा चिरून पाण्यात टाकायचा, पाणी ओतायचं, उकडायचा, पुन्हा ओतायचं. हात आपोआप चालायचे. नवरा तो चोथा मुकाट्यानं खायचा आणि मीही. पावसाळा सुरू झाला, उलटून गेला. मग एका मंगळवारी त्यानं घास ताटात ठेवला. म्हणाला, "हे आपण दोघांनी किती दिवस खायचं? ज्याचं हाय त्याला नेऊन दे."

मला संताप आला. इतक्या महिन्यांनी हा बोलला, आणि बोलला काय, तर हे. पण गुरुवारी मी डबा भरला. कशासाठी भरला ते मला आजही नीट सांगता येणार नाही. भाजी वाया जात होती, म्हणून असेल.

त्या डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकावर मी पूर्वी कितीतरी सकाळी काढल्या होत्या. पाय आत वळेनात. तिथंच बसले. बसल्या बसल्या मला त्या शिष्याचा विचार आला. शास्त्रात लिहिलंय, तो तिला आपल्या घरी घेऊन गेला. मी इतक्या वेळा वाचलं होतं आणि कधी शंका घेतली नव्हती. पण तो पोरसवदा, त्याचा गुरू डोळ्यांदेखत मेलेला. त्याला काय सुचणार होतं? तो तिथंच खाली बसून राहिला असेल. उठवलं तिनंच असेल. कुणाला तरी संध्याकाळचं जेवण करायचं होतं. त्यात माया होती की नाही, कुणी विचारलेलं नाही आणि तिनं सांगितलेलं नाही. मला तिचं गप्प राहणं तेव्हा पहिल्यांदा थोडं समजलं. माझं दुःख त्यानं तसूभर कमी झालं नाही, पण मी उठले.

तो आत मशीनवर होता. निम्मा झाला होता. माझ्या मुलाच्या जागी एक म्हातारे गृहस्थ झोपले होते. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. भिंतीकडं बघतच म्हणाला, "काकू, तो न्हाय आणि मी हाय. हे तोंड घेऊन कसा येऊ सांगा की."

मी म्हटलं, त्या दिवशी मी जे बोलले ते विसर. त्यानं मान हलवली, पण बोलता बोलताच त्याचे डोळे वर गेले आणि घाम फुटला. रक्तदाब एकदम खाली आला होता. मला ते बघून माहीत होतं, मी नर्सला हाक मारली. नर्स धावत आली, मशीन सावकाश केलं, पाय वर घेतले. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, आज रात्रभर ठेवून घेऊ, उद्या जरा बारकाईनं बघू, याच्या माणसाची सही लागेल. नर्स नवीन होती, मला ओळखत नव्हती. तिनं मलकापूरला भावाला फोन लावला, लागला नाही. ती कागद घेऊन माझ्याकडे वळली आणि विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण?

कुणी नाही, असं अगदी ओठावर आलं होतं. तो पलंगावरून माझ्याकडे बघत होता, आणि मी काय सांगते याची त्याला भीती वाटत होती हे मला दिसत होतं.

"आई," मी म्हटलं. "आणि लवकर लिहा. त्यानं सकाळपासून काही खाल्लेलं न्हाय."

तिनं तसं लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं.